ओणमला २० जणांची सद्या: पदार्थ किती, प्रमाण काय, वाढायचं कसं?

सानिका_एर्नाकुळम

नमस्कार. यंदा तिरुओणमच्या (ओणमच्या मुख्य दिवसाच्या) दुपारी घरी २० जणांची सद्या, म्हणजे केळीच्या पानावरचं केरळी सणाचं जेवण, करायचं ठरतंय. १२ जण आमच्याच इमारतीतले मल्याळी शेजारी, बाकीचे मराठी. जमिनीवर सतरंज्या, केळीची पानं, अगदी साग्रसंगीत. रांधायला आम्ही तिघं, दोन घरांतले मिळून पाच बर्नर, बाहेरची मदत नाही.

नेटवर २६ पदार्थांच्या याद्या आहेत आणि एक यादी दुसरीशी जुळत नाही. कृती मिळतात त्या चौघांपुरत्या. वीस माणसांना काय किती लागतं, आदल्या दिवशी काय करून ठेवता येतं आणि काय ऐनवेळीच करावं लागतं, हे कुठेच धड लिहिलेलं नाही. पानावर कुठला पदार्थ कुठे वाढायचा, भात कधी, पायसम (खीर) मध्ये की शेवटी, हेही सांगा. ज्यांच्या घरचं हे जेवण आहे त्यांनाच ते वाढायचंय, त्यामुळे वेळ मारून न्यायची नाहीये.

---

पेरियारकाठ

सगळ्यात आधी दिवस बदला. तिरुओणमची दुपार मल्याळी माणूस घरच्यांबरोबर घालवतो. जमलं तर तरवाडात, म्हणजे मूळ घरी जातो, नाहीतर आहे तिथे आपल्या माणसांत जेवतो. 'काणम् विट्टुम् ओणम् उण्णणम्' अशी म्हणच आहे: असलेलं विकावं लागलं तरी ओणमचं जेवण जेवायचंच. त्या दुपारी बोलावलंत तर शेजारी भिडेखातर हो म्हणतील आणि दोनदा जेवतील, किंवा गावी गेलेले असतील.

अत्तम (आपलं हस्त नक्षत्र) ते तिरुओणम (श्रवण) असे हे दहा दिवस. ऑफिसं, कॉलेजं, इमारती आपापली सद्या याच दिवसांत आधी उरकून घेतात. त्यातलाच एखादा रविवार धरा. उत्राडम, म्हणजे तिरुओणमचा आदला दिवस, मात्र टाळा. त्या दिवशी अख्खं केरळ बाजारात असतं. 'उत्राडप्पाच्चिल', उत्राडमची धावपळ, असा शब्दच आहे भाषेत. भाजी, फुलं, पानं, सगळ्याचे भाव चढलेले असतात. दुसरा पर्याय चतयमचा (शततारका). तिरुओणमनंतर दोन दिवसांनी येतो, श्रीनारायण गुरुंच्या जयंतीची सुट्टी असते, पण तोवर सद्या खाऊन लोकांचं मन भरलेलं असतं. माझं मत आधीच्या रविवारालाच.

आता २६ चं. हा आकडा कुणी ठरवून दिलेला नाही. मीठ, केळं, पापड, दोन प्रकारचे काप, तीन लोणची हे सगळं मोजून तिथवर पोचतात. आरन्मुळ्याला पार्थसारथी मंदिरात वळ्ळसद्या होते, तिथे साठाच्या वर पदार्थ असतात आणि नावाडी गाणं म्हणून एकेक पदार्थ मागून घेतात. पण तो देवळाचा विधी आहे, घरच्या पंगतीचं माप नव्हे. घरी भात सोडून शिजवलेले दहा-बारा पदार्थ असले की पान भरतं. तिघांनी २६ करायला घेतलेत तर निम्मे एकाच चवीचे होतील, आणि सद्येत तेच चालत नाही.

कारण हे जेवण भाज्यांच्या संख्येवर उभं नाही. नारळ प्रत्येक पदार्थात वेगळ्या रूपात यायला हवा, त्यावर ते उभं आहे. तोरनमध्ये (कोरडी भाजी) नारळ कोरडा खोवलेला. अवियलमध्ये (मिश्र भाजी) भरड वाटलेला. काळनमध्ये (आटवलेल्या दह्यातलं सुरण-केळं) गंधासारखा बारीक वाटलेला. ओलनमध्ये (कोहळा-चवळी) फक्त नारळाचं दूध. एरिशेरीत (भोपळा-चवळी) तेलावर तांबूस होईपर्यंत भाजलेला. पच्चडीत मोहरीबरोबर वाटून दह्यात कालवलेला. प्रधमनमध्ये (गुळाची खीर) तीन वेळा काढलेलं दूध. एवढे सात नीट केलेत की शेजारी नाव ठेवणार नाहीत. सगळीकडे मिक्सरमधलं एकच वाटण घातलंत, तर तेराव्या पदार्थानेही काही वाचणार नाही.

म्हणून ही यादी धरा: इंजीकरी (पुळीइंजी, आलं-चिंच-गुळाचं तोंडीलावणं), लिंबाचं किंवा कैरीचं लोणचं, अननसाची पच्चडी, ओलन, काळन, तोरन, अवियल, एरिशेरी, परिप्पु (मूगडाळीचं वरण), सांबार, अडप्रधमन (अड म्हणजे तांदळाच्या पिठाचे शिजवलेले पातळ तुकडे, त्यांचं प्रधमन) आणि संभारम (मसाल्याचं ताक). सोबत भात, पापड, केळं, उप्पेरी, शर्करवरट्टी (गुळात घोळवलेले केळ्याचे काप). रसम जमलं तर.

नावांत दोन फसव्या जागा आहेत. पच्चडी म्हणजे आपली कच्ची पचडी नव्हे, आणि किच्चडी म्हणजे खिचडी नव्हे. ती काकडी किंवा भेंडी घातलेली दह्यातली कालवण असते. उप्पेरी म्हणजे एर्नाकुळमला केळ्याचे तळलेले काप, पण उत्तर केरळातल्या शेजाऱ्यांच्या तोंडी उप्पेरी म्हणजे कोरडी भाजी. कण्णूर-कोळिक्कोडकडे ओणमच्या पानावर मासे आणि चिकनही येतं. तुमची पंगत मिश्र आहे, शाकाहारीच ठेवा, आणि कांदा-लसूण नको.

---

नारळीपाक

वीस माणसांचं प्रमाण देतो. दोघं जास्त आली तरी पुरेल.

मट्टा तांदूळ (केरळचा जाड लाल तांदूळ) सव्वादोन किलो. परिप्पुला मूगडाळ ४०० ग्रॅम. सांबारला तूरडाळ ४५० ग्रॅम आणि भाज्या दीड किलो. अवियलला सगळ्या भाज्या मिळून २ किलो. ओलनला कोहळा सव्वा किलो आणि लाल चवळी १०० ग्रॅम. एरिशेरीला लाल भोपळा सव्वा किलो आणि तीच चवळी १५० ग्रॅम. काळनला कच्ची नेंद्रन केळी ४, सुरण ४०० ग्रॅम, आंबट दही दीड लिटर. तोरनला फरसबी किंवा कोबी सव्वा किलो. पच्चडीला एक मोठा अननस आणि दही अर्धा लिटर. इंजीकरीला आलं ३०० ग्रॅम, चिंच १५० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, हिरव्या मिरच्या दहा. संभारमला ताक ४ लिटर. प्रधमनला अड ४०० ग्रॅम, गूळ ९०० ग्रॅम.

नारळ मोजून सांगतो, कारण कमी पडतो तो हाच: प्रधमन ६, अवियल २, ओलन २, एरिशेरी २, काळन दीड, तोरन १, पच्चडी १, परिप्पु १. झाले साडेसोळा. १८ आणा, एखादा खवट निघतोच. खोबरेल २ लिटर, तूप पाऊण किलो. पापड ५०, कारण माणशी दोन धरले तरी तळताना आणि डब्यात मोडतात. पानं २४. उप्पेरी आणि शर्करवरट्टी अर्धा-अर्धा किलो विकत घ्या, ती घरी करण्यात तिघांचा वेळ घालवू नका.

वेळापत्रक असं. तीन दिवस आधी इंजीकरी आणि लोणचं. दही त्याच दिवशी लावून बाहेर ठेवा, काळनला ते आंबटच लागतं. आदल्या संध्याकाळी काळन पूर्ण करून ठेवा. आटवलेला काळन दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. चवळी भिजवा. सुरण, भोपळा, कोहळा चिरून ठेवा. सुरण चिरताना हाताला खोबरेल चोळा, आणि खाज आलीच तर चिंचेच्या पाण्याने हात धुवा. अवियलची कच्ची केळी मात्र सकाळीच चिरायची आणि चिरल्याबरोबर पाण्यात टाकायची, नाहीतर काळी पडतात आणि तो रंग अवियलभर पसरतो.

सकाळी पाचला नारळ खोवून दूध काढायला घ्या. सहाला प्रधमन एका बर्नरवर चढवा, तो नऊपर्यंत तिथेच राहील. सातला परिप्पु आणि सांबारची डाळ. आठला एरिशेरी, साडेआठला अवियल. भात साडेनऊला. तोरन दहाला. ओलन आणि पच्चडी अकराला. पापड पंगत बसायच्या पंधरा मिनिटं आधी.

आता बिघडतं कुठे ते.

अवियल. भाज्या बोटभर लांब आणि करंगळीएवढ्या जाड चिरायच्या, सगळ्या सारख्या. सुरण, कच्चं केळं, शेवगा, पडवळ, गाजर, फरसबी आणि वेळ्ळरिक्का (ती पिवळट मोठी काकडी). २ किलोला पाणी एक वाटी, जास्त नाही, कारण काकडी आणि पडवळ स्वतःचं पाणी सोडतात. पाणी जास्त झालं की लोक आच वाढवून आटवतात, भाज्या मोडतात आणि अवियलचं पिठलं होतं. आधी सुरण, ते अर्धं शिजलं की केळं आणि शेवगा, शेवटी पडवळ आणि काकडी. दोन नारळ, दोन चमचे जिरं आणि आठ हिरव्या मिरच्या भरड वाटायच्या, पाणी न घालता. वाटण भाजीवर पसरून पाच मिनिटं झाकण. मग आच मंद करून पाव लिटर फेटलेलं दही, एकदा वाफ येऊ द्यायची, उकळी नाही. गॅस बंद करून वरून अर्धी वाटी कच्चं खोबरेल आणि दोन मुठी कढीपत्ता, झाकण, दहा मिनिटं हात लावायचा नाही. फोडणी नाही. मोहरी तडतडलेलं अवियल दिसलं की शेजाऱ्यांना लगेच कळेल की हे दुसऱ्या कुठल्या स्वयंपाकघरातलं आहे. ढवळायचं चमच्याने नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हिसडायचं.

काळन. सुरण आणि केळं मिरपूड-हळदीत शिजवून पाणी आटवा. दही घुसळून गुठळ्या मोडा, मंद आचेवर घाला आणि ढवळणं थांबवू नका. थांबलात की फुटलं. दीड लिटर दही निम्म्याच्या खाली यायला पाऊण ते एक तास लागतो. चमच्याला जाड लेप बसला की मग नारळ-जिऱ्याचं गंधासारखं वाटण, त्यानंतर फक्त कड गरम होईपर्यंत. फोडणीला मोहरी, मेथी, लाल मिरची, कढीपत्ता. मेथी करपली तर सगळा काळन कडू होतो आणि तो दुरुस्त होत नाही, त्यामुळे मेथी मोहरीनंतर घाला.

ओलन पंधरा मिनिटांचा पदार्थ आहे आणि घाईनेच बिघडतो. कोहळ्याच्या पातळ फोडी काचेसारख्या झाल्या की थांबायचं. शिजलेली चवळी, चिरलेली मिरची, मीठ बेताचं. पातळ दूध आधी, घट्ट दूध गॅस बंद केल्यावर. हळद नाही, फोडणी नाही. तो फिकटच असतो, आणि आंबट काळननंतर जिभेला विसावा देणं हेच त्याचं काम. तिखट करायचा मोह होईल, करू नका.

पच्चडीत मोहरी मिक्सरमध्ये बारीक केली तर कडवट होते. नारळ-मिरची आधी वाटून घ्या, शेवटी एक चमचा मोहरी घालून मिक्सर दोनदाच फिरवा, किंवा खलबत्त्यात नुसती फोडा. अननस थोड्या गुळात शिजवून गार झाल्यावर दही.

एरिशेरीत भोपळा निम्मा मोडायचा, निम्मा अख्खा. वरून घालायचं खोबरं खोबरेलात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परतायचं आणि तांब्याच्या रंगावर आलं की लगेच उतरवायचं. कढईच्या गरमीने ते आणखी एक छटा गडद होतं. हे धरून चाला, नाहीतर जळकं लागेल.

इंजीकरीचं आलं तिळाएवढं बारीक आणि कुरकुरीत तळलेलं हवं. कच्चं राहिलं तर चिंच-गुळाने झाकलं जात नाही.

मट्टा तांदूळ कुकरला लावू नका. चार-पाच पाण्यांत धुवा, पाचपट पाणी उकळवा, ४० ते ५० मिनिटं उघड्यावर शिजवा आणि पेज काढून टाका. सव्वादोन किलोला १५ लिटरचं पातेलं लागतं, नसेल तर दोन पातेली. निथळून झाकून ठेवलेला भात दीड तास गरम राहतो.

---

सानिका_एर्नाकुळम

हे तर सोनंच आहे. दिवसाचं लक्षातच आलं नव्हतं, आधीचा रविवार पक्का केला. वाढायच्या क्रमाचं राहिलं. आणि प्रधमन फाटतं, अड कच्ची राहते असं ऐकलंय, ते नेमकं का होतं? सांबार-परिप्पुचं मला जमतं.

---

दगडीजातं

प्रधमन फाटायची कारणं दोन: घट्ट दूध आचेवर घालणं, आणि खवट नारळ. अड कच्ची राहते त्याचं कारण तिसरंच आहे. ती गुळात जाण्याआधी पूर्ण शिजलेली नसते. गुळाच्या पाकात गेल्यावर अड आणखी मऊ होत नाही, मग तुम्ही दोन तास उकळा.

म्हणून ४०० ग्रॅम सुकी अड चार लिटर उकळत्या पाण्यात टाका, गॅस बंद, झाकण, अर्धा तास. एक तुकडा बोटांत दाबून बघा, मधोमध पांढरा ठिपका दिसला तर पुन्हा पाच मिनिटं आचेवर. मग चाळणीत ओतून गार पाण्याने तीन-चार वेळा धुवा, चिकट पाणी जाऊन तुकडे सुटे होईपर्यंत. धुतली नाही तर प्रधमन खळीसारखं होतं.

दूध असं काढा. सहा नारळांचा चव थोड्या कोमट पाण्याबरोबर फिरवून पंचातून पिळा, हे पहिलं दूध, साधारण पाऊण लिटर. तो वेगळा डबा, त्याला शेवटपर्यंत हात नाही. त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरं दूध दीड लिटर, तिसरं २ लिटर.

गूळ अर्धा लिटर पाण्यात विरघळवून गाळा, त्यात वाळू असतेच. मरयूरकडचा गडद गूळ मिळाला तर रंग सुंदर येतो. पिवळाधमक गूळ नको. पाक उरुळीत (पसरट, जड केरळी भांड्यात) किंवा जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट होऊ द्या, त्यात अड आणि १०० ग्रॅम तूप घालून परता. पाक अडीला धरला आणि कडेने तूप दिसायला लागलं की तिसरं दूध. ते निम्मं आटलं की दुसरं, तेही आटवा. लाकडी उलथन्याने तळ सतत खरवडत राहा, लागलं तर धुरकट वास शेवटपर्यंत जात नाही.

गॅस बंद. दहा मिनिटं थांबा. मग पहिलं दूध, एक चमचा सुंठ, एक चमचा वेलची. वरून तुपात तळलेले नारळाचे काप आणि काजू. आता ते पातळ वाटेल आणि घट्ट करावंसं वाटेल, करू नका. तासाभरात अड दूध शोषून घेते आणि जे पातळ वाटत होतं ते उलथन्यावर लोळायला लागतं. उलट अर्धा लिटर तिसरं दूध बाजूला राखून ठेवा, वाढताना सैल करायला लागेल.

---

मृण्मयी_पुणे

एक उपप्रश्न. पुण्यात अड आणि नेंद्रन नाही मिळाली तर?

---

दगडीजातं

केरळी किराणा दुकानांत ओणमच्या आधी दोन्ही येतात, आधी तिथे बघा. नेंद्रनच्या जागी वसई-कोकणाकडची राजेळी चालते, दोन्ही एकाच घराण्यातली आहेत. वेलची किंवा साध्या हिरव्या केळ्यांचे काप मऊ पडतात, त्यांच्या नादी लागू नका.

अड घरी करता येते, मूळ पद्धतही तीच. तांदूळ चार तास भिजवून बारीक वाटा, थोडं तूप घाला, पीठ डोशाच्या पिठापेक्षा पातळ. केळीच्या पानाच्या पट्ट्यांवर बोटांनी अगदी पातळ सारवा, पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि उकळत्या पाण्यात वीस मिनिटं. गार पाण्यात टाकून सोडवा आणि नखाएवढे तुकडे करा. पान केळीचंच हवं. पातोळ्यांच्या सवयीने हळदीचं पान घेऊ नका, त्याचा वास प्रधमनवर मात करतो.

---

पेरियारकाठ

वाढायचं सांगतो.

पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पानं पुसून, पाणी शिंपडून मांडा. समई लावा आणि तिच्यासमोर पहिलं पान गणपतीचं: सगळं थोडं-थोडं त्यावर वाढून मगच पंगतीला सुरुवात. हे मराठी मंडळींना वेगळं सांगायला नको.

वाढायला सुरुवात डावीकडून. खालच्या डाव्या कोपऱ्यात केळं, उप्पेरी, शर्करवरट्टी आणि पापड. वरच्या अर्ध्या भागात डावीकडून उजवीकडे: मीठ, इंजीकरी, लोणचं, पच्चडी, मग ओलन, काळन, तोरन, अवियल, एरिशेरी. आपल्या पानासारखी चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे अशी वाटणी इथे नाही, सगळी एकच ओळ आहे. लोणची अर्धा चमचा, पच्चडी-काळन एक चमचा, तोरन-अवियल-एरिशेरी दोन चमचे. पहिल्याच फेरीत ढीग घातलेत तर ओलन वाहत जाऊन एरिशेरीला मिळतं.

भात माणसं बसल्यावर, पानाच्या खालच्या अर्ध्यात. जेवणारा त्याचे हाताने दोन भाग करतो. एका भागावर परिप्पु आणि चमचाभर तूप, त्यात पापड चुरून. तो संपला की दुसऱ्या भागावर सांबार. म्हणून परिप्पुवाल्याच्या मागोमाग सांबारवाल्याने धावायचं नाही, निम्म्या पंगतीचा पहिला भात संपेपर्यंत थांबायचं. सांबारनंतर अडप्रधमन थेट पानावर. त्यात केळं आणि पापड कुस्करून खातात, विचित्र वाटलं तरी करून बघायला सांगा. गोडाने तोंड भरलं की इंजीकरीचं बोट चाटायचं. मग पुन्हा थोडा भात आणि संभारम: ताकात ठेचलेलं आलं, मिरची, कढीपत्ता, मीठ.

तिरुवनंतपुरमकडचे पाहुणे असतील तर ते बोळीची आठवण काढतील. हरभऱ्याच्या डाळीची पातळ गोड पोळी, पालपायसमबरोबर पानावरच कुस्करून खातात. पुरणपोळीची सख्खी बहीणच आहे. पण एर्नाकुळमला ती नसली तरी चुकलं असं नाही.

पाणी साधं ठेवू नका. पतिमुगम, म्हणजे पतंगाच्या लाकडाच्या दोन-तीन चिमट्या चिपा उकळत्या पाण्यात टाकल्या की ते गुलाबी होतं. कोमट द्यायचं.

---

नारळीपाक

@पेरियारकाठ, रसम सांबारनंतर आणि पायसमच्या आधी यायला हवं, तुम्ही ते गाळूनच टाकलंत.

---

पेरियारकाठ

करणार असतील तर हो. त्रिश्शूर-एर्नाकुळमकडे बऱ्याच घरांत पायसमच्या आधी वाढतात, दक्षिणेत बरेच जण नंतर. पाचच बर्नर आहेत म्हणून सोडलं. शेवट मात्र सगळीकडे ताकाचाच.

---

उंबरठा

सद्येपलीकडचं थोडं, कारण मराठी पाहुणे विचारतील. ओणम बळीराजाच्या परतीचा सण आहे. वामनाने ज्याला पाताळात घातलं तो महाबली वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो आणि त्याला घरात ददात दिसू नये म्हणून हे भरलेलं पान. आपण दिवाळीच्या पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतो तो हाच बळी. गंमत अशी की पुक्कळममध्ये, म्हणजे फुलांच्या रांगोळीत, मातीचे चौकोनी निमुळते तृक्काकरप्पन ठेवतात ते वामनाचे. ज्याने घातलं आणि जो गेला, दोघांचा मान एकाच अंगणात. ते वामनाचं तृक्काकरा मंदिर तुमच्या शहराला लागूनच आहे, ओणमच्या दहा दिवसांत तिथे उत्सव असतो, सकाळी लवकर जाऊन या.

पुक्कळम करणार असाल तर फुलं शेवंती-झेंडू चालतील, पण मूठभर तुंबा मिळवा. शेताच्या बांधावरचं ते पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं फूल. केरळात ओणमला त्याच्याइतका मान दुसऱ्या फुलाला नाही. आपल्याकडेही त्याला तुंबाच म्हणतात.

---

सानिका_एर्नाकुळम

रसम सोडलं, बाकी यादी तशीच. वाढायला दोन शेजारी स्वतःहून येतो म्हणालेत. दोनच शंका: पान जेवून झाल्यावर कसं दुमडायचं, आणि पावसाळी हवेत पापड दहा मिनिटांत मऊ पडतात त्याला काय करू?

---

नारळीपाक

पान वरच्या बाजूने आपल्याकडे दुमडायचं. पलीकडे दुमडणं दुःखाच्या जेवणाला करतात. मराठी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. आणि पंगतीतून मध्येच कुणी उठू नये, शेजारच्याचं होईपर्यंत बसायचं.

पापड उडदाचे आणि सोडा घातलेले असतात, हवेतली ओल लगेच ओढतात. आदल्या दिवशी पाकीट उघडू नका. सकाळी थाळीत पसरून प्रधमनच्या शेगडीशेजारी तासभर ठेवा. खोबरेल नीट तापलेलं हवं: कोपऱ्याचा तुकडा टाकला की दोन सेकंदांत फुगून वर यायला पाहिजे. एका वेळी एकच, उलटून लगेच बाहेर, झाऱ्यावर उभा धरून तेल गाळायचं. कागदावर आडवे रचलेत तर खालचे स्वतःच्याच वाफेने मऊ होतात. पत्र्याच्या उंच डब्यात उभे रचा, गार होईपर्यंत झाकण नको, आणि भात वाढायला निघाला की मगच डबा पंगतीत आणा.